झाडाला गोधडी कशाला?

मी आयुष्यभर शाळेत जीवशास्त्र शिकवले. वनस्पतींचा श्वास, त्यांचे अन्न, त्यांची वाढ हे सारे फळ्यावर आकृत्या काढून शिकवले. तरीही २०१८ सालच्या हिवाळ्यात माझ्या सल्ल्यावरून एक धडधाकट झाड मेले. ते कसे मेले हे तुम्हांला सांगायचे आहे, कारण तीच चूक अनेकजण करतात, आणि तीही झाडाच्या प्रेमापोटी.

माझी भाची अमेरिकेत बॉस्टनजवळ राहते. तेथील एका जत्रेतून तिने शरद ऋतूत बोन्साय आणले होते. झाड जूनिपरचे होते. जूनिपर हा सूचिपर्णी वृक्ष. आपल्या हिमालयातही त्याच्या काही जाती आढळतात आणि लडाखकडे त्याच्या डहाळ्या धुपासारख्या जाळतात. भाचीचे झाड वीतभर उंचीचे, पसरट कुंडीत लावलेले, खोड मस्त पीळ घेतलेले. ती त्याला सज्जात ठेवीत असे. नोव्हेंबर संपता संपता तिचा फोन आला.

"मामा, बाहेर बर्फ पडलाय. माझं झाड बिचारं कुडकुडतंय. मी त्याला आजीची शाल गुंडाळून ठेवलीय. तेवढ्याने भागेल का?"

"अगं, शाल कसली गुंडाळतेस!" मी म्हणालो. "सरळ घरात घे. खिडकीपाशी उजेडात ठेव आणि पाणी घालत जा."

तिने तसेच केले. खोलीत बावीस अंश तापमान, खिडकीतून येणारे ऊन, वेळच्या वेळी पाणी. जानेवारीत तिने छायाचित्र पाठवले. झाड हिरवेगार दिसत होते. मला माझ्या सल्ल्याचा अभिमान वाटला. मार्चमध्ये त्या हिरव्या रंगावर करडी छटा आली, मग पाने तपकिरी पडली आणि डहाळी वाकवली की कट्‌कन मोडू लागली. खोडाची साल नखाने किंचित खरवडून पाहा, असे मी तिला सांगितले. जिवंत झाडाच्या सालीखाली ओलसर हिरवा थर दिसतो. तिला दिसले ते कोरडे लाकूड. पुढे मला कळले की, जूनिपरसारखी झाडे मेल्यावरही कित्येक आठवडे हिरवी दिसतात. म्हणजे ज्या छायाचित्रावर मी खूश झालो होतो, ते कदाचित मेलेल्या झाडाचेच होते.

माझे चुकले कोठे? मी उत्तर दिले ते माझ्या वडाच्या अनुभवावरून. माझ्याकडे वडाचे एक बोन्साय आहे. वड, पिंपळ, उंबर ही उष्ण प्रदेशातली झाडे. त्यांना बॉस्टनला नेले, तर रात्रीचे तापमान दहा अंशांच्या खाली जाऊ लागताच घरात घ्यावेच लागेल, नाहीतर ती मरतील. पण जूनिपर, पाइन, मेपल, लार्च ही झाडे थंड प्रदेशातच घडली आहेत. त्यांच्यासाठी हिवाळा म्हणजे संकट नसून दिनक्रमातला एक भाग आहे, जशी तुमची-आमची रात्र. तुम्हांला कोणी सहा महिने झोपूच दिले नाही, आणि वर म्हटले, "पाहा, आम्ही तुमच्यासाठी दिवे किती छान लावले आहेत!" तर कसे वाटेल? माझा सल्ला नेमका असा होता.

ही झोप कशी लागते ते पाहू. थंडी येईपर्यंत झाड थांबून राहत नाही. उन्हाळा संपू लागला की दिवस लहान होतात. पानांतील फायटोक्रोम नावाचे रंगद्रव्य रात्रीची लांबी जणू मोजत असते. रात्री वाढल्या की शेंड्याची वाढ थांबते. कोंबावर खवल्यांचे घट्ट आवरण तयार होते. पुढे हवा गार होऊ लागली की पेशींमध्ये साखर साठते, पेशींच्या पातळ पटलांची रासायनिक घडण बदलते. अस्पेन वृक्षावरील संशोधनात असेही दिसले आहे की, कोंबातील पेशींना एकमेकींशी जोडणाऱ्या सूक्ष्म वाटा या काळात बुजून जातात. वाढीचा निरोप आत पोचूच शकत नाही. मग दाराला कडी घालून झोपलेल्या माणसासारखी त्या कोंबाची अवस्था होते.

ही कडी काढते कोण? थंडीच! शून्य ते सात अंशांच्या आसपासच्या थंडीत बरेच आठवडे गेले म्हणजे त्या बुजलेल्या वाटा पुन्हा मोकळ्या होतात. सफरचंदाच्या अनेक जातींना अशी सुमारे हजार तासांची थंडी लागते. तेवढा हिशेब पुरा होईपर्यंत मध्येच चार दिवस उबदार आले तरी कोंब फसत नाही. आणि हिशेब पुराच झाला नाही, तर वसंत येऊनही तो नीट उघडत नाही. माझ्या भाचीच्या खोलीत हा हिशेब सुरूच झाला नाही. शिवाय खोली तापवणाऱ्या यंत्रामुळे हवा कोरडी ठणठणीत, आणि खिडकीतला उजेड तुम्हांला-मला भरपूर वाटला तरी उघड्यावरच्या उन्हाच्या मानाने अगदीच तुटपुंजा. उबेने झाड जागे राहिले, अन्न खर्च करीत राहिले, आणि मिळकत मात्र फारशी नव्हती.

"पण सर, बर्फात झाड गोठणार नाही का?" हा प्रश्न तुमच्यापैकी कोणीतरी विचारणार हे मला ठाऊक आहे. गोठते ना! पण गोठण्याचेही प्रकार आहेत. पालकाचे एक पान रात्रभर फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवा आणि सकाळी बाहेर काढा. वितळताच ते लिबलिबीत होते. त्याच्या पेशी फुटल्या, कारण त्यांची कसलीच तयारी नव्हती. हिवाळ्यासाठी तयार झालेल्या झाडात पाणी गोठते ते प्रथम पेशींच्या मधल्या पोकळ्यांत. तेथे बर्फ झाला की तो पेशीतले पाणी बाहेर ओढतो. आतला रस दाट होत जातो, आणि दाट रस सहजासहजी गोठत नाही. मिठाचे पाणी साध्या पाण्यापेक्षा कमी तापमानाला गोठते हे तुम्ही प्रयोगशाळेत पाहिलेच असेल. पेशी सुरकुतते, पण तिच्या आत बर्फाचा स्फटिक होत नाही, म्हणून ती जगते.

ही सहनशक्ती किती असावी? जपानच्या साप्पोरो येथील संशोधक अकिरा साकाई यांनी विलो, पॉपलर यांसारख्या झाडांच्या हिवाळ्यातल्या डहाळ्या आधी हळूहळू उणे तीसच्या आसपास गार केल्या आणि मग द्रव नायट्रोजनमध्ये, म्हणजे उणे १९६ अंशांत बुडवल्या. पुढे त्या डहाळ्या जिवंत निघाल्या. हे निष्कर्ष त्यांनी १९६० साली 'नेचर' या नियतकालिकात प्रसिद्ध केले. उन्हाळ्यातली डहाळी मात्र असे काही सोसू शकत नाही. थंडी सोसण्याची ताकद आठवड्या-आठवड्यांनी चढते. उबेत ती काही दिवसांत उतरते. म्हणून चूक लक्षात आल्यावर घरातले झाड जानेवारीत घाईघाईने पुन्हा बर्फात नेऊन ठेवणे ही दुसरी चूक ठरते. एकदा पांघरूण काढून घाम फोडलेल्या माणसाला गार पाण्याच्या हौदात ढकलण्यासारखेच ते.

आता तुम्ही म्हणाल की, मग सोपे आहे, झाड बाहेरच राहू द्यावे. तेवढ्यानेही भागत नाही. येथेच बोन्सायची खरी अडचण आहे, आणि ती शेंड्याकडे नसून बुडाशी आहे.

रानातल्या झाडाच्या फांद्या वारा-बर्फात उभ्या असतात, पण मुळे जमिनीच्या पोटात असतात. जमीन सावकाश गार होते आणि खोलवर तर तापमान फारसे हलतच नाही. लाखो वर्षे मुळांना हा आसरा मिळत आला, त्यामुळे फांद्यांइतकी थंडी सोसण्याची विद्या मुळांनी कधी मिळवलीच नाही. ज्या झाडाच्या फांद्या उणे पंचवीस अंशांत खुशाल राहतात, त्याचीच कोवळी मुळे उणे पाच-दहा अंशांत मरू शकतात. जातीजातींत फरक आहे. काहींची मुळे याहून चिवट असतात. पण फांदीपेक्षा मूळ नाजूक, हे बहुतेक सर्वांना लागू आहे. आणि बोन्साय म्हणजे काय? जपानी भाषेत या शब्दाचा अर्थच मुळी 'पसरट भांड्यात लावलेले' असा आहे. म्हणजे आपण त्या नाजूक मुळांना जमिनीतून उचलून वाऱ्यावर आणून ठेवले!

थोडे गणित करू. ३० सेंटिमीटर लांब, २० रुंद आणि ५ खोल अशी एक कुंडी घ्या. तिचे घनफळ ३,००० घन सेंटिमीटर आणि सर्व बाजूंचे मिळून क्षेत्रफळ १,७०० चौरस सेंटिमीटर. म्हणजे प्रत्येक घन सेंटिमीटर मातीमागे अर्ध्या चौरस सेंटिमीटरहून अधिक पृष्ठभाग उष्णता बाहेर टाकायला मोकळा आहे. आता एक मीटर लांबी-रुंदी-उंचीचा मातीचा ठोकळा घ्या. हेच गुणोत्तर तेथे ०.०६ येते, जवळजवळ नऊ-दहा पट कमी. आणि जमिनीतला ठोकळा तर फक्त वरच्या बाजूनेच हवेला लागलेला असतो. शिक्षकांनी हा प्रयोग वर्गात जरूर करून दाखवावा. एकाच भांड्यातले गरम पाणी मोजून अर्धे लोट्यात आणि अर्धे परातीत ओता. दर दोन मिनिटांनी दोन्हींचे तापमान मोजून आलेख काढा. परातीची रेषा कशी घसरते ते पाहिले की, बोन्सायच्या मुळांवर काय प्रसंग येतो ते वेगळे सांगावे लागणार नाही.

मग शाल गुंडाळली तर? भाचीच्या आजीच्या शालीकडे आता येऊ. दोन तापमापके घ्या. एकाला लोकरीचे कापड गुंडाळा, दुसरे उघडे ठेवा. दोन्ही खोलीतच एका टेबलावर अर्धा तास ठेवा आणि वाचा. दोन्हींत तापमान सारखेच! लोकर उष्णता निर्माण करीत नाही, असलेली उष्णता अडवते. गोधडीत तुम्हांला ऊब लागते, कारण तुमच्या शरीरात अखंड भट्टी पेटलेली आहे. झाडात अशी भट्टी नाही. गोधडीत गुंडाळलेली कुंडी बाहेरच्या थंडीला थोडी उशिरा पोचेल एवढेच. एखाद्या रात्रीपुरता हा उशीर उपयोगी पडतो, पण सलग आठ दिवस कडाक्याचे आले तर शालीच्या आतही तेवढीच थंडी असणार.

तेव्हा पांघरूण घालायचेच तर भट्टीला जोडून घातले पाहिजे. आणि भट्टी आहे, आपल्या पायांखाली! उन्हाळाभर जमिनीने उष्णता साठवलेली असते आणि हिवाळाभर ती सावकाश वर येत राहते. म्हणून जाणते लोक जमीन गोठण्यापूर्वीच बागेत खड्डा करतात, कुंडी काठापर्यंत त्यात पुरतात आणि वरून वाळलेला पाला, लाकडाचा भुसा किंवा सालीचे तुकडे चांगले वीतभर पसरतात. कुंडीच्या खाली काहीही घालत नाहीत, खालचा मार्ग उघडा ठेवतात. वरून बर्फ पडला तर तो झाडून टाकायचा नाही. भुसभुशीत बर्फात हवा कोंडलेली असते, त्यामुळे त्याचेही पांघरूणच होते. फांद्यांवर ओला जड बर्फ साचला तर मात्र हलक्या हाताने झटकावा, नाहीतर फांदी मोडते.

जागा कोणती निवडावी याबद्दल तर आपली समजूत पूर्ण उलटी असते. आपण म्हणू, थंडीचे दिवस आहेत, उन्हाची जागा पाहू. पण हिवाळ्यातले ऊन हा कुंडीतल्या झाडाचा मोठा शत्रू आहे. दुपारी ऊन लागले की पाने जागी होतात, पर्णरंध्रे उघडतात, बाष्पोच्छ्वास सुरू होतो. मुळांभोवती मात्र पाण्याचा दगड झालेला. बर्फ पिता येत नाही! चहूकडे पाणी असून झाड तहानेने सुकते. त्यात वारा असला तर मग विचारूच नका. आपल्याकडचा साग, पळस कोरड्या दिवसांत पाने गाळतो, आणि थंड देशातला मेपल हिवाळ्याच्या तोंडाशी पाने गाळतो, यामागे पाणी वाचवण्याची एकच गरज आहे असे माझे मत आहे. जूनिपर, पाइन पाने ठेवतात म्हणून त्यांना हा धोका अधिक. तेव्हा घराच्या उत्तरेची किंवा पूर्वेची, वारा अडेल अशी सावलीतली जागा चांगली. दिवसा वितळणे आणि रात्री पुन्हा गोठणे हा खेळ तेथे कमी चालतो. त्या खेळात मुळे तर दुखावतातच, पण पाणी गोठताना सुमारे नऊ टक्के फुगते, त्यामुळे कच्च्या भाजणीची कुंडीही तडकते.

पाण्याबद्दलही एक गैरसमज आहे. थंडीत पाणी घातले तर मुळे आणखी गारठतील, असे वाटते. वस्तुतः कडाक्याची रात्र येणार असेल तर त्यापूर्वी कुंडीची माती ओली असणेच हिताचे. एक ग्रॅम पाणी एक अंशाने गार होताना एक कॅलरी उष्णता सोडते. तेच पाणी शून्य अंशाला गोठताना ८० कॅलरी सोडते! आपल्या तीन लिटरच्या कुंडीतल्या मातीत किलोभर पाणी असेल, तर ते सगळे गोठेपर्यंत ८० किलोकॅलरी उष्णता बाहेर पडते आणि तोवर मातीचे तापमान शून्याजवळच रेंगाळते. कोरडी माती मात्र सरळ खाली घसरते. ओली म्हणजे चिखल नव्हे, हे सांगायला नकोच. झोपलेले झाड पाणी फारच थोडे पिते. दोन-तीन आठवड्यांनी बोटाने माती चाचपून पाहावी. कोरडी वाटली आणि नळ गोठलेला असला, तर ओंजळभर बर्फ मातीवर टाकला तरी काम होते.

ज्यांना अंगण नाही त्यांनी काय करावे? मोटार ठेवायची न तापवलेली खोली, लाकडाचा गोठा, तळघराचा गार कोपरा, असे काहीतरी शोधावे. शून्याच्या आसपास राहणारी जागा हवी. पाने गळालेल्या झाडाला तेथे अंधार असला तरी बिघडत नाही. जपानी बागाईतदार यासाठी 'मुरो' नावाची साधी बंदिस्त खोली वापरतात. मला मात्र याचे सर्वांत बोलके उदाहरण बॉस्टनमध्येच पाहायला मिळाले.

२०१९ च्या उन्हाळ्यात मी भाचीकडे गेलो होतो. तिने मला अर्नोल्ड आर्बोरेटम या वृक्षोद्यानात नेले. हार्वर्ड विद्यापीठाचे हे उद्यान १८७२ साली स्थापन झाले. तेथे लार्झ अँडरसन या अमेरिकी राजदूताने जपानमधून आणलेली बोन्साय झाडे आहेत. अँडरसन १९१३ मध्ये जपानहून परतले तेव्हा योकोहामाच्या एका रोपवाटिकेतून त्यांनी ती घेतली होती. त्यांच्या मृत्यूनंतर १९३७ साली पत्नी इझाबेल यांनी संग्रहाचा मोठा भाग उद्यानाला दिला. त्यात 'चाबो-हिबा' नावाचे हिनोकी सायप्रसचे ठेंगणे वृक्ष आहेत, काही तर दोनशे वर्षांहून जुने. त्यांच्यासमोर मी किती वेळ उभा होतो कोण जाणे. पेशवाईच्या काळात कोणीतरी जपानात ज्या रोपाला आकार द्यायला सुरुवात केली, त्याची पाने माझ्या डोळ्यांसमोर वाऱ्याने हलत होती.

हे अमूल्य वृक्ष हिवाळ्यात कोठे ठेवत असतील? मी मनात काचेचे उबदार हरितगृह रंगवले होते. उत्तर ऐकून मी खजील झालो. नोव्हेंबरपासून एप्रिलपर्यंत त्यांना एका शीतखोलीत ठेवतात, आणि तेथील तापमान गोठणबिंदूच्या जेमतेम एक-दोन अंश वर राखतात. म्हणजे बाहेर कडाका पडला तरी खोली फार गार होऊ द्यायची नाही, आणि बाहेर ऊब आली तरी खोली गरम होऊ द्यायची नाही. काळजी तीच, फक्त दोन्ही बाजूंनी. मी मात्र एकाच बाजूचा विचार केला होता.

काहीजण म्हणतील, "मुळात बोन्साय हाच झाडाचा छळ आहे. मुळे कापायची, तारा गुंडाळायच्या, आणि वर हिवाळ्याची चिंता कशाला?" या आक्षेपाशी मी पूर्वी सहमत असे. आता नाही. नीट राखलेले बोन्साय माणसांच्या चार-पाच पिढ्या पाहते, एवढेच नव्हे तर दरवर्षी नवी पाने, नवी मुळे काढते. छाटणीची जखम ते भरून काढते. पण ऋतूच हिरावून घेतला तर त्याला भरून काढायला काही उरत नाही. तारेपेक्षा बैठकीच्या खोलीतल्या टेबलाने अधिक बोन्साय मारली असतील, असे मला वाटते. शोभेची वस्तू म्हणून झाड विकणारे दुकानदारही हे सांगत नाहीत. झाडाच्या नावाची चिठ्ठी असते, किंमत असते. पण हे झाड कोणत्या हवेतले आहे आणि त्याला हिवाळ्यात कोठे ठेवायचे, हे दोन शब्द त्यावर छापायला कितीसा खर्च येणार?

"हे सगळे परदेशातले झाले. आमच्याकडे कुठे बर्फ पडतो?" असे म्हणून पान उलटू नका. नाशिक जिल्ह्यात ज्यांची द्राक्षबाग आहे त्यांना विचारा. द्राक्षवेल ही मूळची थंड हिवाळ्याच्या प्रदेशातली. आपल्याकडे तिला पुरेशी थंडीची झोप मिळत नाही, म्हणून ऑक्टोबरमधील छाटणीनंतर डोळे एकसारखे फुटावेत यासाठी शेतकरी त्यांवर हायड्रोजन सायनामाइड हे तीव्र रसायन लावतात. थंडी जे काम फुकट करते, त्याच्यासाठी आपण हातमोजे घालून विष हाताळतो! आणि निफाडकडे कधी पारा एकदम उतरला की, तेच शेतकरी पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात, विहिरीचे पाणी सोडतात. ओल्या मातीचे जे गणित आपण वर केले, त्याच्याशी त्यांच्या पाण्याचे जवळचे नाते आहे.

माझी चूक उलट्या दिशेने करणारेही आपल्याकडे आहेत. गेल्या वर्षी एका विद्यार्थ्याने मला विचारले, "सर, चित्रात पाहिलेला लाल जपानी मेपल पुण्यात गच्चीवर लावू का? बी मागवता येते." मी त्याला नको म्हटले. तो मेपल येथे मरेल तो थंडीने नव्हे, थंडीवाचून. वड, पिंपळ, उंबर, चिंच, बोगनवेल यांची सुरेख बोन्साय होतात, आणि ती आपल्या गच्चीवर बाराही महिने सुखाने राहतात. गच्चीच्या भिंतीच्या फटीत उगवलेले पिंपळाचे रोप अलगद काढून सुरुवात करता येते, त्याला पैसाही लागत नाही. त्या विद्यार्थ्याला हे फारसे रुचले नाही. पिंपळ काय, कोठेही उगवतो, असे त्याचे म्हणणे. त्याची वर्षभराची नोंदवही त्याने मला आणून दाखवायचे कबूल केले आहे, पाहू.

भाचीने २०१९ च्या शरदात पुन्हा जूनिपरच आणला. या वेळी मी सल्ला दिला नाही, तिने मला दिला. घरामागच्या सामाईक बागेत तिने शेजाऱ्यांच्या परवानगीने खड्डा केला आणि कुंडी काठापर्यंत पुरून वर पाला पसरला. पहिल्याच हिवाळ्यात उंदरांनी पाल्याच्या उबेत घर केले आणि खोडाची थोडी साल कुरतडली, म्हणून आता ती खोडाभोवती तारेची जाळी लावते. उन्हाळा ओसरल्यावर नत्राचे खत देत नाही, कारण उशिरा आलेली कोवळी फूट थंडीला तयार होत नाही. ४ फेब्रुवारी २०२३ रोजी बॉस्टनचा पारा उणे २३ अंशांवर गेला होता. त्या रात्री तिचा फोन आला. तिने पाल्याखाली, कुंडीच्या काठाशी एक तापमापक खोचून ठेवला होता, त्यातला पारा शून्याच्या आसपासच घुटमळत होता.

मी विचारले, "शाल घातलीस का गं?"

"घातली ना, मामा," ती म्हणाली. "मी स्वतःला."

तिच्या मते खरी कसोटी फेब्रुवारीत नसून एप्रिलमध्ये असते. झाड जागे झाले, कोंब हलले की त्याची सगळी थंडीची ताकद ओसरलेली असते, आणि तेव्हा एका रात्रीचे दहिवरही कोवळी फूट जाळू शकते. म्हणून त्या महिन्यात ती रोज संध्याकाळी हवामानाचा अंदाज ऐकते, आणि शून्याखालची रात्र सांगितली असली तर कुंडी उचलून मोटारीच्या खोलीत नेते. सकाळी पुन्हा बाहेर.